गदेतली दाढ

एक दाढ नवी आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, साहेब, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. संग्रहालयाचे प्रमुख म्हणून तुमच्या गप्प बसण्यालाही लोक विद्वत्ता समजतात. तिचं खरं नाव लबाडी. ज्याने ती दाढ बसवली तो दातांचा डॉक्टर काही धुतल्या तांदळासारखा होता असं कुणी म्हणत नाही. त्याचंही सगळं इथे सांगून टाकलेलं बरं.

डॉक्टरचा दवाखाना बाजारपेठेच्या कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत खुर्ची. त्याच्याही मागे एक खोली होती. तिथे दुसऱ्या एखाद्यानं औषधांची खोकी रचून ठेवली असती. यानं भिंतभर गदा टांगल्या होत्या. प्रशांत महासागरातल्या बेटांवर लढाईत माणसांची डोकी फोडायला कोरलेल्या लाकडी गदा. वल्ह्यासारख्या पसरट, बंदुकीच्या दस्त्यासारख्या वाकलेल्या, मुळाच्या गाठीचं डोकं असलेल्या आखूड. धाकटी बहीण त्याच्याकडेच राहायची आणि दवाखान्याचं बाहेरचं सगळं बघायची. ती या भिंतीला "दादाची धोपाटणी" म्हणायची.

"यातलं एखादं दे की. चादरी धुवायच्यात."

"हात लावू नकोस. मुठीपाशी जी चकाकी आहे ना, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाची आहे."

"मग माझ्याच घामाला काय झालंय?"

 डॉक्टरला जगातल्या बहुतेक माणसांची कीव यायची आणि ती लपवायची तसदी तो घेत नसे. विकणाऱ्याने गदा टेबलावर ठेवली की हा आधी डोळे मिटून ती उचलायचा. सुरूचं जड लाकूड आहे की पर्यटकांना विकायला कापलेला हलका सोट, हे मनगट सांगायचं. मग मुठीवरची नागमोडी नक्षी. जुन्या हातानं कोरलेली असेल तर रेघा कुठेकुठे चुकतात, आणि चुकलेली रेघ पुढच्या रेघेनं सांभाळून घेतलेली असते. नकली नक्षी एकसारखी असते, आणि तिच्या खाचांत बुटाचं पॉलिश सापडतं. "न्या, चुलीत घाला," असं म्हणून त्यानं कित्येकांना जिना उतरायला लावलं होतं.

पण तुम्ही त्याला एका सभेत, चारचौघांत, 'दात उपटणारे गृहस्थ' म्हणालात. ते त्याला लागलं.

पुढे त्याला ती गदा मिळाली. फिजीची, कमरेला खोचायची, फेकून मारायची, आखूड. तिच्या गोल डोक्यात माणसांच्या दाढा जडवलेल्या होत्या. डॉक्टरनं भिंग लावून एकेक दाढ पाहिली. वाळूमिश्रित खाण्यानं सपाट घासलेल्या, तपकिरी, कीड नसलेल्या. साखर खाणाऱ्या माणसाच्या तोंडात असं काही उरत नाही. गदा अस्सल होती. फक्त एक खाच रिकामी होती.

त्याच सुमारास बहिणीची अक्कलदाढ दुखायला लागली. त्यानंच ती काढली. ट्रेमध्ये पडलेल्या दाढेकडे तो बघत राहिला, मग मागच्या खोलीत गेला. कानशीसुद्धा लावावी लागली नाही. दाढ खाचेत अशी बसली, जशी बोटात नेहमीची अंगठी. त्यानं ती राळेनं पक्की केली, चहाच्या काळ्या पाण्यानं रंगवली. संग्राहकानं मोडकी वस्तू पुरी करू नये हे तो दुसऱ्यांना ओरडून सांगायचा. पण इथे त्याला तुमची फजिती करायची होती.

"माझी अक्कल त्या धोपाटण्यात घातलीस?" बहीण गालावर बर्फ धरून हसली. "चांगलं झालं. तुझ्या या खोलीत कुणाला तरी हवीच होती."

तुम्ही आलात, साहेब. तुमचं नख एकेका दाढेवरून फिरलं आणि एका दाढेवर थांबलं. तुम्ही हसलात. "पूर्ण आहे. फार दुर्मिळ. देणगी म्हणून स्वीकारतो, पाटीवर तुमचं नाव राहील." डॉक्टरला वाटलं, गाढवाला फसवलं.

गदा तुमच्या काचेच्या कपाटात गेली आणि बहिणीनं दवाखान्यात डोळ्यांवर हात धरायला सुरुवात केली.

"दादा, हा दिवा जरा तिकडे कर ना."

दिवा बंदच होता. डॉक्टर म्हणाला, चष्म्याचा नंबर बदलला असेल. खालच्या दुकानात तपासून घेतला. बदलला नव्हता.

मग ती बोलता बोलता थांबायची. "कोण टकटक करतंय रे?" दाराशी कुणी नसायचं. रोगी घाबरून तिच्याकडे बघायचे, मग तीच त्यांची समजूत घालायची. "काही नाही हो, घरमालक असेल." तिची मान खाली झुकायला लागली, डोकं जड झाल्यासारखी. सोमवारी मात्र ती ठणठणीत असायची. गाणं गुणगुणायची, दिव्याबद्दल बोलायची नाही. संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे डॉक्टरच्या लक्षात बऱ्याच उशिरा आलं. लक्षात आल्यावर तो स्वतःवरच खेकसला, की असल्या गोष्टी अडाण्यांनी बोलायच्या.

म्हणून त्यानं एक्स-रे काढला. दाढ काढलेल्या जागी हाड भरत येतं, बारीक जाळीसारखं. तिथे जाळी नव्हती. एकात एक वलयं होती, आडव्या कापलेल्या खोडासारखी.

त्यानं दुसरं यंत्र वापरलं. वलयं तीच.

तो तुमच्याकडे आला. आधी तुमच्या दालनात गेला. शाळेची सहल आली होती, मुलं बोटांनी काच वाजवत होती, वरून पांढरा दिवा थेट गदेवर पडला होता. तो काचेला नाक लावून उभा राहिला. मग तुमच्या खोलीत शिरला.

"माझ्या बहिणीची दाढ काढून द्या."

"तुम्हीच म्हणाला होतात, सगळ्या जुन्या आहेत."

"खोटं बोललो."

"असं? चला मग. दाखवा कोणती."

कपाटासमोर उभा राहून तो कितीतरी वेळ बघत राहिला. सगळ्या सारख्याच सपाट होत्या. सगळ्या तपकिरी. स्वतःच्या हातानं बसवलेली, स्वतःच्या बहिणीची दाढ त्याला ओळखता येईना.

"तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुमचं नख तिथे थांबलं होतं."

"माझं नख?" तुम्ही नखांकडे पाहिलंत. "डॉक्टर, थोडी विश्रांती घ्या. आणि उगाच सगळ्या दाढा उपटायला ही काही तुमची खुर्ची नाही."

तो तुमच्या पाया पडला. शिपायानं त्याला बाहेर नेलं.

मग तुम्हाला गदेच्या दांड्यात कीड दिसली. लाकडातली कीड मारायची तुमची पद्धत डॉक्टरला ठाऊक होती. वस्तू जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, कडा वितळवून बंद करायच्या, आतली हवा काढून घ्यायची आणि आठवडेच्या आठवडे तशीच ठेवायची. काल गदा त्या पिशवीत गेली, आणि बहिणीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

आज सकाळी तिनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"दादा, आज दिवा नाही," ती म्हणाली. "बरं वाटतंय. फक्त सगळं अंगाला चिकटल्यासारखं होतंय."

मान सरळ होती. ती चहा प्यायली, दुधवाल्याशी भांडली, डॉक्टरच्या उलट्या सदऱ्यावरून तिनं त्याची टिंगल केली. सगळं जिथल्या तिथे.

डॉक्टरनं तिला तोंड उघडायला सांगितलं. दातांचा छोटा आरसा तिच्या ओठांपुढे धरला.

"काय बघतोस एवढं?" ती हसली.

ती हसत होती, बोलत होती, आणि आरसा लख्ख होता. त्याच्यावर वाफ धरत नव्हती.

तो अजून तसाच धरून उभा आहे. हात दुखतोय, पण खाली घेत नाही.

पिशवी फाडायला एक साधी कात्री लागते, साहेब. फाडणार आहात की नाही?