हिरीवरची चार सेकंदं

मोबाइल पालथे घाला आधी. येळवशीची आंबील ढोसून वर गोष्ट मागता, तर ऐकायची रीत तरी शिका. ही माझ्या मनची गोष्ट नाही, संगमेश्वरची आहे. जळकोटात स्टँडमागं त्याचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. शेजारी माझं पंक्चरचं. म्हणून ठाऊक.

लग्नाबारशाचं शूटिंग करायचं आणि कॉम्प्युटरवर बसून नको ते कापायचं, हा त्याचा धंदा. एका सेकंदात पंचवीस फोटो असतात म्हणे, त्यांना हे लोक फ्रेम म्हणतात. संगमेश्वर एकेक फ्रेम पुढंमागं सरकवायचा. इथून कापायचं, तिथवर कापायचं, अशा दोन खुणा मारायचा, मधलं उडवायचा आणि राहिलेली टोकं जोडायचा. माझा सांधा दाखवा अन् दुकान तुमचं, असं चारचौघात म्हणायचा. कुणाच्या बापाला दिसला नाही.

दोन वर्षांमागं येळवशीला, रानातल्या पूजेच्या त्या अवसेला, त्यानं वीरण्णाच्या शेतात ड्रोन उडवला. कडब्याची कोप, कोपीतले चुना फासलेले पाच दगडांचे पांडव, पंगती, सगळं वरून टिपलं. त्याच दुपारी वीरण्णाची सून मंजुश्री हिरीत बुडून गेली. पाय घसरला, असं कागदावर आलं.

तिसऱ्या दिवशी वीरण्णा दुकानात. सगळं ठेव म्हणाला, फक्त हिरीवरचं काढ. संगमेश्वरनं ते आधीच पाहिलं होतं. ड्रोन ज्वारीवरून सरकत हिरीवर येतो आणि पुन्हा ज्वारीवर जातो. हीर दिसते ती चार सेकंद सात फ्रेम. तेवढ्यात मंजुश्री काठावर वाकलेली. मागून तिचा नवरा श्रीशैल येतो. दोन्ही हात पुढं करतो...

बस. एवढंच.

नाही म्हणता आलं असतं. पण वीरण्णाच्या भावकीतली सगळी लग्नं याच्याकडं यायची. आणि खरं सांगू? त्याहून मोठी होती हाताची खाज. हीर चौकटीत शिरायच्या आधी त्यानं एक खूण मारली, बाहेर पडल्यावर दुसरी. अलीकडची कणसं वाऱ्यानं डावीकडं झुकलेली, म्हणून पलीकडंही डावीकडं झुकलेली फ्रेम हुडकली. ज्वारीला ज्वारी जोडली. मग कार्डावरचं मूळ पुसून टाकलं.

महिन्याभरानं मंजुश्रीची आई शांतम्मा उदगीरहून आली. लेकीचा शेवटचा दिवस बघायचा म्हणाली. त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं, पिच्चर लावला. म्हातारीनं दोनदा बघितला.

"लेकरा, ह्या रानातली हीर कुठं गेली?"

"हीर कॅमेऱ्यात आलीच न्हाई, अम्मा."

ती रडली नाही. शिव्याशाप नाहीत. उठली, पदरानं टीव्हीची काच पुसली, जशी लेकराचं तोंड पुसावं.

"जे दिसलं न्हाई, तेवढंच जित्तं होतं माझं लेकरू. ठेव तुझ्यापाशी."

संध्याकाळी चहा घेताना तो मला म्हणाला, "तात्या, आईलाबी सांधा सापडला न्हाई." मी हसलो. हो, मीपण हसलो. बघता काय?

दसऱ्यापर्यंत काही नाही. मग संगमेश्वरला बारीकसारीक व्हायला लागलं. भरलेला चहाचा ग्लास उचलायचा, आणि बघतो तर ग्लास रिकामा, जीभ पोळलेली. प्यालेला आठवायचा नाही. झोप कमी पडते, म्हणायचा.

गेल्या येळवशीची रात. सासऱ्याच्या रानातून तो परत निघाला. बायको पुढं टेम्पोत गेलेली. सहा वर्षांची लेक दामिनी त्याच्यापुढं, मोटरसायकलच्या टाकीवर. एकुलती. आंबील शिंपडताना शेताभोवती म्हणतात ते दिवसभर ऐकून पोरीच्या तोंडात बसलेलं. ओलगे ओलगे, सालम पलगे. थांब म्हटलं तर अजून मोठ्यानं. तोही हसत होता.

वीरण्णाच्या रानाची चिंच दिसली, ओढ्यावरचा पूल अजून पुढं. ज्वारीत, रस्त्यापासून वीस पावलांवर, ती हीर. गाडीच्या घड्याळात सात बावन्न.

दामिनी म्हणत होती, "ओलगे, ओलगे, सालम..."

पूल.

चिंच मागं. हीर मागं. गाडी तशीच चाललेली, चाळीसच्या वेगात. हँडल सरळ. ब्रेक नाही. धक्का नाही.

टाकीवर कुणी नाही.

हात लावला. पोर बसली होती तेवढी जागा अजून ऊन होती.

"दामे..."

...

"दामे?"

सगळं गाव बॅटऱ्या घेऊन फिरलं. मीपण फिरलो. रस्त्यावर चप्पल नाही, घासल्याची खूण नाही. पहाटे हिरीत सापडली. अंगावर ओरखडा नाही. बायकोनं त्याची गचांडी धरली आणि एकच विचारत राहिली, तुम्ही कुठं होता? काठावर श्रीशैल उभा होता. तोच आधी बोलला.

"पाय घसरला असंल."

संगमेश्वरनं त्याच्याकडं बघितलं. कागदावर तेच आलं.

बायको माहेरी गेली, ती आलीच नाही. पंधरा दिवसांनी त्यानं दुकान उघडलं. कॉम्प्युटरवर एक नवी फाइल. त्या राती सात बावन्नला बनलेली. तेव्हा दुकानाला कुलूप होतं, आणि ड्रोन दिवाळीपासून पातं मोडून कपाटात पडलेला. लांबी चार सेकंद सात फ्रेम.

त्यानं दुकानाचं दार आतून लावलं. भीतीनं नाही. आशेनं. आपल्याकडनं गेलेलं ह्यात असंल. पोर टाकीवरनं कशी उतरली, कुणी उतरवली, शेवटी तिनं काय म्हटलं...

लावली.

लख्ख दुपार. ज्वारी. कणसं डावीकडं झुकलेली.

रस्ता नाही. हीर नाही. पोर नाही.

दुकान अजून रोज उघडतो. गिऱ्हाईक फिरकत नाही. एकशे सात फ्रेम आहेत. एकेक सरकवतो, पुढं, मागं. मधे कुठंतरी कापलेलं आहे, म्हणतो. सांधा सापडला की आतलं सापडंल, म्हणतो. परवा मला हाताला धरून आत नेलं. त्याच स्टुलावर बसवलं.

"तात्या, तुम्ही बघा जरा. तुमची नजर चांगली हाय."

मी बघितलं. दोनदा बघितलं.

सांधा नाही कुठं.