श्वास नसलेला आवाज

ही गोष्ट खरी आहे. एरवी मी आईची शपथ घेतली असती. पण आता आईची शपथ घ्यावीशी वाटत नाही. का, ते शेवटी कळेल.

आणि ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. सगळं भर दुपारी घडलं. रविवारी, अंतराळ संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, एका छोट्या खोलीत. भिंतींना राखाडी फोम, टेबलावर माइक, कोपऱ्यात पाण्याचा जार.

माझा दादा संस्थेच्या यानावर मेकॅनिक होता. ते यान एका विचित्र जागेचा अभ्यास करायला गेलं होतं. आकाशात तिथे दिसत काहीच नाही. पण तिकडे पाठवलेला आवाज काही दिवसांनी परत येतो... आणि येताना जरा बदलून येतो. असं का होतं, ते कुणालाच कळलं नव्हतं. संस्थेतले लोक त्या जागेला 'विहीर' म्हणत.

दादाला ही नोकरी मामाने लावून दिली. आईचा पाठचा भाऊ, संस्थेत मोठा साहेब. भाच्याला मी जबाबदारीने परत आणीन, असं तो आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता. आम्ही निर्धास्त झालो. घरच्याच माणसावर कोण शंका घेतो?

दर रविवारी आई आणि मी त्या खोलीत जायचो. दादाचा आलेला निरोप ऐकायचा, आपला रेकॉर्ड करायचा. तो इतका लांब होता की समोरासमोर बोलणं शक्यच नव्हतं.

सुरुवातीचे निरोप मजेचे असायचे. यानातलं बेचव जेवण, कोण कसं घोरतं, आणि मला 'भोंगा' म्हणून चिडवणं. लहानपणी मी गळा काढला की चार घरं जागी व्हायची, म्हणून मी भोंगा. तो चोरून साय खायचा, म्हणून तो बोका.

मग बरेच आठवडे निरोपच आला नाही. तांत्रिक बिघाड आहे, काळजीचं कारण नाही, असं मामा म्हणाला.

पुढे निरोप पुन्हा सुरू झाले. पण...

आवाज दादाचाच होता. तोच घोगरेपणा, तोच वाक्याच्या शेवटचा हेल. तरी माझ्या अंगावर काटा आला.

मी रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करते. बोलणाऱ्यांचे श्वास कापून टाकणं हा माझा रोजचा उद्योग.

दादाच्या बोलण्यात श्वासच नव्हता.

मागे सतत ऐकू येणारी यानाच्या पंख्याची घरघरही नव्हती. मामाला विचारलं, तर आम्ही आवाज साफ करून देतो, म्हणाला. पण श्वास कितीही सफाईने कापला तरी तिथे सांधा राहतो. इथे सांधाच नव्हता.

आणखी एक. दादा आता काही सांगायचा नाही. नुसतं विचारायचा.

"आई... तू मला काय म्हणून हाक मारायचीस?"

आई चरकली. मामाने समजूत घातली. इतक्या लांब गेल्यावर माणूस विसरतो म्हणे, त्याला घरच्या आठवणी सांगत राहा. मग काय, आई सुटलीच. बोका, साय, शाळेतली मारामारी, सगळं सांगितलं. पुढच्या निरोपात ते सगळं परत यायचं... वर थोडं आणखीही. त्याला आठवू लागलं, म्हणून आई खूश व्हायची.

एका रविवारी ती माइकसमोर म्हणाली की गरम इस्त्रीवर तू हात ठेवला होतास बोक्या, किती रडलास.

आईचा घोटाळा झाला होता. आम्हा दोघांच्या गोष्टी तिच्या डोक्यात नेहमीच मिसळायच्या. इस्त्रीवर हात ठेवला होता मी. डाग अजून माझ्या डाव्या तळव्यावर आहे. मी तिला टोकलं नाही.

पुढच्या रविवारी निरोप आला.

"आई... तो हात अजून दुखतो गं. डावा."

आई आनंदाने रडायला लागली.

डावा हात, हे तिने सांगितलंच नव्हतं.

मी तशीच मामाच्या केबिनमध्ये गेले. त्याच्यासमोर टेबलावर तळवा ठेवला आणि विचारलं, आमच्याशी बोलतंय कोण?

त्याने दार लावून घेतलं. मग खालमानेने सगळं सांगितलं. यान कधीच विहिरीत नाहीसं झालं होतं... तो 'बिघाड' झाला तेव्हाच. कुणीही वाचलं नव्हतं. आणि नंतर एक दिवस विहिरीतून दादाचा आवाज आला, एकच वाक्य. त्या आवाजाला माहिती पुरवली तर तो किती वाढतो, हे संस्थेला बघायचं होतं.

"ज्यांना तो तोंडपाठ आहे, अशीच माणसं लागणार होती," मामा म्हणाला. "अशी तुम्ही दोघीच."

सख्ख्या मामाने केसाने गळा कापला. आम्ही रडत होतो आणि हा आमच्या रडण्यावर प्रयोग करत होता.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती कोसळेल म्हणून पाण्याचा ग्लास जवळ घेऊनच बसले होते.

आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"मला बिघाडानंतरच्या पहिल्याच निरोपाला कळलं होतं," ती म्हणाली. "आईला कळत नाही होय? पण बोलतो ना... तेवढं तरी राहू दे."

मी तिकडे जाणं बंद केलं. मामाचं तोंडही पाहिलं नाही. आई मात्र जात राहिली, एकटी. मामा तिला गाडी पाठवायचा, आणि आलेला निरोप तिच्या फोनवरही द्यायचा.

गेल्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आई निरोप ऐकत होती. बोका, साय, तेच सगळं. मध्येच दादा हसला...

आणि त्याच्या मागे आणखी कुणीतरी हसलं.

बाईचा आवाज होता.

"दादा, माझा हात बघ ना," ती म्हणाली.

आवाज ओळखणं माझं कामच आहे. हा ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. माझाच होता. आणि त्या आवाजात श्वास होता. नीट, खोल, जिवंत माणसाचा श्वास.

मी आत गेले. माझ्याबद्दल त्याला काय काय सांगितलंस, असं आईला विचारलं. ती माझ्याकडे बघेना.

"तो तिकडे एकटा होता गं," ती म्हणाली. "सोबत नको त्याला?"

काल कामावर मी माझाच आवाज रेकॉर्ड केला. दोन-चार वाक्यं, साधीच.

ते अजून ऐकलेलं नाही. हिंमत होत नाही.