देसांकाच्या दारात

डोळे मिटा पाहू. क्रागुयेवात्स शहराच्या कोर्टातला लांबलचक, गारठलेला व्हरांडा. बाहेर पावसातच बर्फ भुरभुरतंय. एका बाकावर दोन अनोळखी माणसं... दिसली?

त्यातली एक विश्न्या. तिने ओले केस झटकले आणि दोन थेंब शेजारच्याच्या चष्म्यावर उडाले.

"अगंबाई, माफ करा हं!"

"असू दे. तसंही इथे बघण्यासारखं काही नव्हतं... आत्तापर्यंत," तो चष्मा पुसत म्हणाला.

ती हसली. तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. देसांका विरुद्ध मिलोयेची बेकरी! दोघंही एकदम उठले, आणि हसू विरून गेलं. ती देसांकाची वकील होती. तो, वुकाशिन, मिलोयेचा.

भांडण साधं, पण कडवट. घराण्याच्या संताचा दिवस म्हणजे स्लावा. त्या दिवशी कायद्यानेच सुट्टी असते. बेकरीत पाव भाजणाऱ्या देसांकाने ती घेतली, भट्टी थंड राहिली, आणि मिलोयेने रागाच्या भरात तिला कामावरून काढलं. घरात कमावणारी ती एकटी, पदरात लहानगी इस्क्रा.

तारखांवर तारखा पडल्या. आत दोघं एकमेकांचे मुद्दे खोडून काढत. बाहेर जिन्यात वुकाशिन हळूच विचारी, "कॉफी?"

"खटला संपेपर्यंत नाही. देसांकाला वाटेल, मी तिला विकलं."

"आणि संपल्यावर?"

"तुम्ही जिंकलात तर... तुमचं तोंडही बघणार नाही."

"मग मी देवाकडे मागू तरी काय, वकीलबाई?"

ती हसे, पण घरी गेल्यावर पुन्हा खटल्याचे कागद काढून बसे. हरलो तर इस्क्रा खाणार काय?

निकालाच्या आदल्या दिवशी पुन्हा देसांकाची स्लावा आली. स्लावाला कुणालाच आमंत्रण नसतं. येईल त्याला मात्र परत पाठवायचं नसतं. विश्न्या तिच्या घरी जेवायला बसली होती, तोच बेल वाजली. दारात मिलोये, हातात स्वतः भाजलेला पाव, तडकलेला आणि एका बाजूने करपलेला. एक पायरी खाली वुकाशिन.

देसांका दार अडवून उभी राहिली. "गेल्या वर्षी ह्याच दिवसापायी मला काढलंत, मालक. आज ह्याच दिवसाच्या जोरावर माझ्या दारात?"

मिलोयेने मान खाली घातली. "चुकलो. तुझ्यावाचून भट्टी माझं ऐकत नाही... हा बघ ना."

"हा पाव की वीट?"

कुणीच हसलं नाही. विश्न्या वुकाशिनकडे पाहून तडकली, "ही तुमची नवी चाल का?"

"चाल नाही. मीच म्हटलं त्यांना, माफी कोर्टात नको, दारात मागा." मग अगदी हळू — "आणि मला... तुमचं तोंड बघायचंय. रोज."

विश्न्याचे कान तापले. पण देसांकाचा हात अजून चौकटीवरच होता.

त्या हाताखालून इस्क्रा बाहेर आली. तिच्याकडे शिजवलेल्या गोड गव्हाचं भांडं होतं. आत येणाऱ्या पाहुण्याने आधी त्यातला चमचाभर खायचा असतो. तिने चमचा मिलोयेसमोर धरला, आणि मागे घेतला.

"आधी सांगा. आई सोमवारी कामावर?"

"सोमवारी. वकीलबाईंना लेखी देतो."

देसांकाचा हात सावकाश खाली आला. इस्क्राने मिलोयेला गहू भरवला. मग वुकाशिनकडे पाहिलं, विश्न्याकडे पाहिलं, आणि भांडं विश्न्याच्या हातात कोंबलं.

"ह्यांना तू दे," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तिला मागून पायरीवर ढकललं.