काय सांगता, कधी?

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात पॉटी होती. रिकामी नव्हती.

पाळणाघरातल्या एका पठ्ठ्याने आयुष्यात प्रथमच ठरलेल्या जागी शी केली होती, आणि आमच्याकडे अशा कामगिरीची मिरवणूक निघते. पुढे मी, मागे ताटल्या बडवणारी चिल्लीपिल्ली, आणि सगळ्यात शेवटी सत्कारमूर्ती, चड्डीशिवाय. दारात एक माणूस कडेवर मुलगी घेऊन उभा होता. बाहेर भुरभुर पाऊस, त्याच्या भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब, शर्टाला ग्रीसचा वास. त्याने आधी पॉटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे...

“अभिनंदन कोणाचं करायचं?” त्याने गंभीरपणे विचारलं.

मी बोट दाखवलं. त्याने जाऊन, वाकून, सत्कारमूर्तीशी रीतसर हस्तांदोलन केलं. मी तिथेच प्रेमात पडले असते, पण हातात पॉटी असताना पडणं परवडत नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मुलीला घरात ढमी म्हणत. ढमी अजून चालत नव्हती; लोळत मात्र कुठेही पोहोचायची. घरी तो, ढमी आणि त्याची आई, एवढीच माणसं. ढमीची आई दुसऱ्या शहरात दुसऱ्याच माणसाबरोबर राहत होती. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, म्हणजे मुलीला न्यायला कोण येईल हा प्रश्न पुन्हा निघायला नको.

आता आमचा एक नियम सांगायला हवा. मुलाने पाळणाघरात पहिल्यांदा काहीही केलं, पाऊल टाकलं, शब्द उच्चारला, तरी ते आम्हाला दिसत नाही. दिसलं तरी दिसत नाही. दिवसभर बाहेर राबणाऱ्या आईबापांना निदान ‘पहिलं’ तरी घरी मिळावं, असं आमच्या मोठ्या बाईंचं म्हणणं. पॉटी तेवढी अपवाद; तिचं श्रेय कोणी मागत नाही. मग पालक धावत सांगायला आले की आपण भुवया वर, हात छातीवर, आणि म्हणायचं, “काय सांगता, कधी?” हे मी बाथरूमच्या आरशात घटवलं होतं. आरसा मुलांच्या उंचीचा, म्हणून गुडघ्यांवर बसून घटवलं होतं.

ढमी चालली ती दुसऱ्याच्या हातातल्या बिस्किटासाठी. चार पावलं, झडप, बिस्किट तोंडात. मी ओठ मिटून घेतले. संध्याकाळी तिला त्याच्याकडे देताना म्हणाले, आज फारच लोळली हो.

पुढच्याच सकाळी तो एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून आला.

“चालली,” तो म्हणाला. “माझ्याकडे. स्वतःहून.”

भुवया वर, हात छातीवर. “काय सांगता, कधी?”

त्याचे डोळे भरून आले. बिस्किटाचा विषय न काढून मी जगाचं भलं केलं, असं मला वाटलं.

मग तो रोज काही ना काही आणायला लागला. ढमीने पेला दोन्ही हातांनी धरला. ढमीने मोजा काढून आजीच्या चहात घातला. मी हे सगळं आदल्या दिवशी पाहिलेलं असायचं (मोजा सोडून), तरी त्याच्या तोंडून ऐकताना ते नव्याने घडायचं. तो सांगताना हातवारे करायचा, आणि मी... मी त्या हातांकडे बघत राहायचे.

हळूहळू माझाही सत्कार सुरू झाला. मी छत्री एका दमात उघडली, तर तो दारात थांबून टाळ्या वाजवायचा. कोपऱ्यावरच्या टपरीवर मी कॉफी न सांडता प्यायले, तर म्हणाला, “शाब्बास. आता कपाचं झाकण कोण लावणार?” मी लावलं. त्याने शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना सांगितलं, हिने झाकण लावलं बरं का. आजोबांनीही टाळ्या वाजवल्या. आम्ही अरे-तुरेवर कधी आलो, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदाच तो थट्टा सोडून बोलला. रस्ता ओला होता, ढमी त्याच्या खांद्यावर झोपली होती. म्हणाला, तिची आई वर्षभर रोज हसून दार उघडायची. “मला वाटायचं — मला बघून हसतेय. ती आधीच निघून गेली होती, फक्त घरात होती.” मग म्हणाला, म्हणून तू बरी वाटतेस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण समोरच्याचा आनंद मोडायचा नाही, हेच तर माझं काम होतं.

एके दिवशी ढमीला न्यायला तिची आजी आली. तिने मला कोपऱ्यात ओढलं आणि म्हणाली, “रविवारी तो तुला विचारणार आहे. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस हं पोरी. आणि नाही म्हणू नकोस, मला आता गुडघे नाहीत.”

दोन रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

रविवारी त्याच टपरीवर त्याने माझं झाकण स्वतः लावलं, कप सरळ केला, पुन्हा सरळ केला.

“मला तू हवी आहेस,” तो म्हणाला. “म्हणजे... आम्हाला. लग्न करशील?”

आणि मला वाटलं, हे त्याचं ‘पहिलं’ आहे, ते त्याला पुरतं मिळायला हवं. भुवया वर गेल्या. हात छातीवर गेला.

“काय सांगता, कधी?”

तो हसायला लागला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं.

“ढमी चालली तेव्हाही तू असाच छातीवर हात धरला होतास.” तो माझ्या हाताकडे बघत होता. “तू तिला आधी चालताना पाहिलं होतंस?”

“बिस्किटासाठी,” मी म्हणाले. “चार पावलं.”

“आणि पेला?”

“तोही.”

“आणि आत्ताचं?”

आजीचं नाव सांगणं भाग पडलं. मग मी नियम सांगितला, मोठ्या बाई सांगितल्या, आणि मी खरोखर खूश आहे, दोन रात्री झोपले नाही, तेही सांगितलं. सांगताना चेहऱ्याचं नक्की काय करायचं ते समजेना. जे केलं ते ओळखीचंच निघालं असावं.

तो चिडला नाही. चिडला असता तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

“तू वाईट नाहीस गं,” तो म्हणाला. “पण लिफ्टमध्ये एकदा खटका ऐकला ना, की चांगली चाललेली लिफ्टही मी कान लावून ऐकत बसतो. तू हसलीस की मी आयुष्यभर तसाच बसेन. त्यात तुझाही जीव जाईल.”

पुढच्या आठवड्यापासून ढमी दिवसाही घरी आजीजवळच राहणार, असं ठरलं. शेवटच्या संध्याकाळी तो तिला न्यायला आला. मी तिचे कपडे, बाटली, एकुलता मोजा पिशवीत भरून दिला. त्याने विचारलं, “तुमचं काही द्यायचं राहिलंय का?” तुमचं. मी नाही म्हणाले.

दाराबाहेर एक पायरी आहे. ढमी ती रोज बसून, घसरत उतरायची. त्या दिवशी ती काठावर उभी राहिली, गुडघे वाकवले, आणि दोन्ही पाय एकदम उचलून खाली उडी मारली. धप्प. पडली नाही.

हे मी आधी पाहिलेलं नव्हतं. त्यानेही नाही. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही आलं, ते शंभर टक्के खरं होतं, मी लिहून देते. पण तो बघत नव्हता. तो ढमीकडे बघत होता, आणि बापाने तिकडेच बघायला हवं होतं.

ढमीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पावसात उभी राहून तिने थोडी वाट बघितली... आणि शेवटी स्वतःच टाळ्या वाजवल्या.