करड्या पडद्यावरचं नाव

मैथिलीनं मॉनिटर सुरू केला, आणि त्यावर कुणीही न लिहिलेली अक्षरं दिसली.

मे महिन्यातली भर दुपार होती. अकोल्याच्या उन्हापायी खिडक्या लावून घेतलेल्या, आणि कूलरमधल्या वाळ्याचा ओलसर वास खोलीभर पसरलेला. अकरा वर्षांची मैथिली सुट्टीत आबांकडे आली होती. मंजूषाआजीला जाऊन आठ महिने झाले होते. आजीचा गेमिंगचा मॉनिटर तेव्हापासून उशीच्या धुतलेल्या अभ्र्याखाली होता. आबांनीच तो झाकला होता. आज मैथिलीनं विचारलं, "लावू?" आणि आबा "लाव" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले.

तिच्यासोबत चिमटा होता. चिमटा म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव. सुट्टीत तो आळीपाळीनं मुलांच्या घरी राहायला येई. उंची स्टुलाएवढी, बोटांच्या जागी दोन चिमटे, आणि एक डोळा भिंगाचा.

पडद्यावर साधं करडं पान होतं. पण नीट पाहिलं, तर वर डाव्या कोपऱ्यात एक गोल दिसत होता, उजवीकडे खाली एक आडवी पट्टी, आणि मधोमध खाली पुसट काळसर अक्षरं: बटणराव.

मैथिलीनं फडक्यानं काच पुसली. अक्षरं तशीच. करडं पान बाजूला सरकवलं. पान सरकलं, अक्षरं जागची हलली नाहीत. शेवटी तिनं संगणकाची वायरच काढली आणि मॉनिटरचा स्वतःचा, सेटिंगचा करडा तक्ता उघडला. अक्षरं होतीच.

"म्हणजे ती संगणकात नाहीत," ती हळूच म्हणाली. "पडद्यातच आहेत. आबा! इकडे या ना!"

आबा हात पुसत आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि खुर्चीत बसले.

"बटणराव म्हणजे मी," ते म्हणाले.

आबांनी तेहेतीस वर्षं वीज उपकेंद्रात नोकरी केली होती. घरातलं भिंतीवरचं एकही बटण ते विनाकारण चालू राहू देत नसत. म्हणून आजी त्यांना चिडवायची, 'आले बटणराव!'

"पण आबा, हे आजीच्या जहाजाचं नाव आहे! तिच्या खेळातल्या. ताऱ्यांमधून जाणारं जहाज. तो गोल म्हणजे नकाशा, ही पट्टी इंधनाची, आणि नाव सारखं खाली दिसायचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी कधी पाहिलंच नाही गं," आबा म्हणाले. "ती इथे खेळायची, मी तिथे पेपर वाचायचो."

मग मैथिलीनं विचारलं, "चिमट्या, पडद्याला हे लक्षात कसं राहिलं?"

"आधी त्याच्या आत पाहा," चिमटा म्हणाला. "आबा, तेवढा खिडकीचा पडदा नीट ओढा. आणि ती चादर द्या."

भर दुपारी तिघंही मॉनिटरसकट चादरीखाली शिरले. "माझ्या वयाला हे शोभतं का!" आबा पुटपुटले, पण शिरले. चिमट्यानं मॉनिटरच्या मागच्या छिद्रात आपला चिमटा खुपसून पडदा पूर्ण काळा केला, आणि मैथिलीला वाटलं, मॉनिटर नाहीसाच झाला. कड कुठे, काच कुठे, काही कळेना.

"बंद केलास?"

"चालू आहे. साध्या पडद्याच्या मागे एक मोठा उजेड असतो आणि पुढे बारीक झडपा. झडपा लावल्या तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. हा पडदा ओएलईडी आहे (स्वतः उजेड देणाऱ्या सूक्ष्म सेंद्रिय दिव्यांचा). काळं दाखवायचं, तर तिथला दिवा विझतो. आता यातला एकच पिक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठिपका) लावतो."

त्या गडद काळोखात एक कण उजळला. सुईच्या टोकाहून बारीक. मैथिली पुढे झुकली.

"असे किती आहेत?"

"जवळजवळ त्र्याऐंशी लाख. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. म्हणजे अडीच कोटींच्या आसपास."

"अडीच कोटी दिवे," आबा म्हणाले, "आणि मी जिन्यातल्या एका दिव्यावरून तिच्याशी भांडायचो."

"पण सेंद्रिय म्हणजे? भाजीसारखे?" मैथिलीनं विचारलं.

"कार्बनच्या रेणूंचे. भाजीतही कार्बन, यातही कार्बन. फक्त यांना फोडणी देता येत नाही. केसाहून शेकडो पट पातळ थर असतो तो. त्यातून वीज गेली की रेणू उजळतात. पण उजळता उजळता थोडे थकतात. आजीच्या खेळात बाकीचं चित्र बदलत राहायचं, नाव मात्र तासन्‌तास एकाच जागी पांढरं चमकायचं. तिथले दिवे इतरांपेक्षा जास्त थकले. आता सगळ्यांना सारखीच वीज दिली, की ते मंद पडतात."

मैथिलीनं चादर बाजूला सारली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "म्हणजे पडद्यावर काही लिहिलं गेलेलंच नाही! जिथे जास्त उजेड दिला गेला, तिथे सावली दिसतेय!"

"अगदी बरोबर. खरं तर हा पडदा स्वतःची काळजी घेतो. काही तास वापरून झाले, की नुसता पडदा बंद असताना तो आपले दिवे तपासतो. फक्त भिंतीवरचं बटण चालू लागतं."

आबांची मान हळूहळू खाली गेली.

"ती म्हणायची मला," ते म्हणाले. "हे एवढं बटण राहू द्या हो. मी म्हणायचो, का म्हणून? आणि बंद करायचो. रोज."

तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: 'दिव्यांची तपासणी बरीच वर्षं झालेली नाही. सुमारे एक तास लागेल. सुरू करू?'

"नाही," आबा लगेच म्हणाले. "पुसलं जाईल ते. राहू दे असंच."

मैथिलीनं अक्षरांवर बोट ठेवलं. तिलाही ते नाव हवं होतं.

"असंच ठेवलं," चिमटा हलकेच म्हणाला, "तर डाग आणखी गडद होत जातील. मग आजीचं जहाजही नीट दिसणार नाही. पण आबा, तपासणी काही पुसत नाही. थकलेला दिवा पुन्हा नवा होत नसतो. पडदा प्रत्येक दिव्यातून थोडी वीज सोडून पाहतो, तो किती थकलाय हे मोजतो, आणि त्याची नोंद ठेवतो. पुढे त्या दिव्याला तेवढी वीज जास्त देतो, म्हणजे तो इतरांच्या बरोबरीनं उजळतो. अशी नोंद प्रत्येक दिव्याची."

"तिच्या नावाच्या... माझ्या नावाच्या दिव्यांचीसुद्धा?"

"त्यांची तर सगळ्यांत मोठी."

आबा पडद्याकडे वळले. मग त्यांनी स्वतःच मॉनिटरखालचं 'हो'चं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. तासभर आबा स्विचबोर्डला पाठ लावून बसले. मैथिली पाणी प्यायला उठली, तरी ते म्हणायचे, "इकडे हात लावायचा नाही हं!"

तास संपला. करडा पडदा उजळला. गोल नाही, पट्टी नाही, अक्षरं नाहीत. एकसारखा करडा. आबांनी डोळे मिटून घेतले.

"आता हे पाहा," चिमटा म्हणाला. त्यानं मॉनिटरच्या मागच्या छिद्रात पुन्हा चिमटा खुपसला, आणि ती नोंदच चित्र करून पडद्यावर मांडली. जिथे जास्त वीज, तिथे जास्त उजळ. काळ्याभोर पडद्यावर एक गोल तेजाळला, एक पट्टी, आणि खाली लखलखीत पांढरं नाव: बटणराव. मघाशी जे काळसर होतं, ते आता सगळ्यांत उजळ होतं.

मैथिलीनं आबांचा हात धरला.

"म्हणजे इथे काहीही लावलं," आबांनी विचारलं, "तरी या दिव्यांना थोडी जास्त वीज मिळणार?"

"कायम."

मैथिलीनं संगणकाची वायर पुन्हा जोडली आणि खेळ उघडला. आजीनं सोडलं होतं, तिथेच जहाज थांबलेलं होतं. इंधन अर्ध्याहून जास्त होतं. पुढे काळोख होता, खराखुरा, विझलेल्या लाखो दिव्यांचा, आणि त्यात जिथे दिवे लागले होते तिथे तारे. आजी तिथवर पोहोचली नव्हती.

आबांनी उशीचा अभ्रा घडी करून कपाटात ठेवला. जाता जाता सवयीनं त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. तिथेच थांबला. मग ते परत आले आणि खुर्ची टेबलाशी ओढून बसले.

"हं मैथिली," ते म्हणाले. "पुढे जायला कुठलं बटण?"