उतरलेली बॅटरी

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

अर्धं मी स्वतः पाहिलं-ऐकलं, उरलेलं दाजींनी सांगितलं. आणि दाजी थापा मारणाऱ्यातले नाहीत. रात्रीची गोष्ट असती तर मीही म्हटलं असतं, झोपेत भास झाला असेल. पण हे घडलं भर दुपारी. ऐन उन्हाळ्यात. आधी दाजींच्या चार्जिंगच्या खोलीत, आणि मग एका गॅरेजमध्ये.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकांनी हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून, तपासून देणं हा त्यांचा धंदा. तेव्हा ताईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले होते.

स्वयंपाकघराला लागूनच ती खोली. लांब लाकडी बाकावर ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या, बुचं उघडी. चार्जिंग चालू असलं की आतलं ॲसिड बारीक बुडबुडत राहायचं. नाकाला झोंबणारा आंबट वास यायचा.

"बुडबुडतेय म्हणजे जिवंत आहे," दाजी म्हणायचे. "गप्प बसली की काळजी करायची. तुझ्या ताईचंही तसंच आहे."

त्या दिवशी सकाळी एक नवरा-बायको आले. नवऱ्याच्या हातात काळ्या रबरी खोक्याची, जुनी, जड बॅटरी.

दाजींनी लांबूनच ओळखली. "ही तर कप्तानांची."

कप्तान त्यांचं जुनं गिऱ्हाईक. जहाजाशी काही संबंध नाही, टोपी घालायचे म्हणून हे नाव. बॅटरी चार्जिंगला दिली की घरी जायचे नाहीत. शेजारी स्टूल टाकून बसून राहायचे.

"बाबा गेले," ती बाई म्हणाली. "पावसाळ्यात. गाडीतच गेले. सीटवर बसल्या बसल्या झोप लागली आणि..."

 नवराच म्हणाला, "गाडी विकायची आहे. उद्या बघायला येतायत. एकदा सुरू करून दाखवता आली म्हणजे झालं."

ते गेल्यावर दाजींनी बुचं उघडली. आत ॲसिड तळाला गेलेलं, शिशाच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढावी तसा थर. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

"पार उतरलीय," दाजी पुटपुटले. "चार्ज न करता कप्तान कधी ठेवायचे नाहीत. नुसती पडून राहिली तरी इतकी उतरते कशी?"

तरी त्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि इतर बॅटऱ्यांच्या ओळीत ती चार्जिंगला लावली. आशा नव्हती, पण कप्तानांची म्हणून.

दुपारी जेवणं झाली. ताई झोपली, दाजीही जरा लवंडले. मी भांडी घासत होते.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. फ्रीज थांबला. पलीकडच्या खोलीतली बुडबुडही हळूहळू थांबली. घर एकदम मुकं झालं.

मग...

बुड.

मी हात थांबवला.

बुड... बुड...

एकाच बॅटरीतून. दमेकरी माणूस श्वास घेतो तसं. मध्येच थांबायचं, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत परत यायचं.

मी दाजींना उठवलं. ते खोलीत गेले, बॅटरीपाशी वाकले. मग एक एक करून चिमटे काढून टाकले. आता तिला कशाचाच आधार नव्हता. ना वीज, ना तार.

बुड... बुड...

"गॅस राहिला असेल आत," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी काचेच्या नळीत ॲसिड ओढून पाहिलं. आतला तरंगता काटा झटकन वर आला. नव्या बॅटरीत येतो तसा. मग लोड टेस्टर लावला. यात बॅटरीवर मुद्दाम भार टाकतात. कितीही चांगली असली तरी काटा थोडा खाली उतरतोच.

तो उतरला नाही.

टेस्टरची तार तापून लाल झाली, दाजींच्या हाताला चटका बसला, तरी काटा तिथेच.

"ही नवी असतानासुद्धा एवढी चांगली नव्हती," ते म्हणाले. रात्री ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या घरी गेलो. बॅटरी जड, दाजींचा हात भाजलेला, म्हणून मी सोबत. अंगणाच्या टोकाला पत्र्याचं गॅरेज. आत राखाडी रंगाची, गोल दिव्यांची गाडी. कप्तानांची मुलगी दारात उभी राहिली, जावई तिच्या मागे. गाडी बघायला येणारं गिऱ्हाईक यायला अजून वेळ होता.

दाजींनी बॅटरी बसवली. पहिली तार आवळली. मग दुसरी टेकवली...

हॉर्न वाजला.

गाडीत कोणी नव्हतं. चारी दारं बंद होती.

एकसारखा नाही वाजला. दाबावा, सोडावा, परत दाबावा, तसा. त्यात घाई होती.

दाजींनी झटक्यात तार काढली. ती हातात धरून ते मागे सरकले.

हॉर्न वाजतच राहिला.

मग तो खोल जायला लागला. आवाज जाडसर झाला, घोगरा झाला. प्रत्येक खेपेला मधली शांतता वाढत गेली. शेवटी नुसतं कण्हल्यासारखं काहीतरी आलं...

आणि थांबलं.

दाजींनी मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. काल सकाळी आणली होती तशी. पार उतरलेली.

ही पहिल्यांदा कशाने उतरली होती, याचा तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दाजींच्याही पडला असावा, कारण ते वळून जावयाकडे बघत होते.

जावई पायरीवर खाली बसला होता. दोन्ही हात कानांवर.

"कप्तान गेले त्या दिवशी तुम्ही घरात होतात ना?" दाजींनी हळूच विचारलं.



"असाच वाजत होता," तो म्हणाला. "मला वाटलं, गाडीशी खेळत बसलेत. नेहमीचंच होतं त्यांचं. पाऊस होता, मी जरा पडलो होतो..."

"आणि?" मुलीने विचारलं.

"खिडकी लावून घेतली."

ती गाडीपाशी गेली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही अवजारं उचलून निघालो. 

ती गाडी तिने विकली नाही. नवऱ्याचं घर मात्र सोडलं, असं पुढे कानावर आलं. बॅटरी तिने दाजींकडे पाठवून दिली. निरोप एवढाच होता, की परत चार्ज करू नका.

दाजींनी केलीही नाही. पण ती बाकाखाली असेपर्यंत ताई दुपारची झोपायची नाही. शेवटी त्यांनी ती भंगारवाल्याला दिली. भंगारात बॅटरी फोडतात, शिसं वितळवतात, आणि त्याच शिशाच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या होतात. हे दाजींना माहीत होतं. देऊन झाल्यावर आठवलं, असं ते म्हणतात.

तेव्हापासून कुठेही हॉर्न वाजत राहिला की दाजी हातातलं काम टाकून बघायला जातात. बहुतेक वेळा काही नसतं. रस्त्यात गाय असते, नाहीतर कुणाचं भांडण.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर होते. दवाखान्यामागच्या गल्लीत एक गाडी उभी होती. कोरी, अजून सीटची प्लास्टिकं न काढलेली. हॉर्न वाजत होता. दाबून, सोडून, परत दाबून. माणसं वैतागून शेजारून जात होती.

दाजींनी जाऊन बॉनेटवर हात ठेवला. "आलो," ते म्हणाले. "आलोय मी."

हॉर्न थांबला.

मी काचेला डोळे लावले. आत कोणी नव्हतं.

पण ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून वाफेने धुरकटली होती. कुणीतरी अगदी जवळ तोंड नेऊन श्वास सोडावा, तशी.