पलंगाखालचे फाइलसर

नर्सिंग कॉलेजच्या प्रात्यक्षिक खोलीत टाचणी मॅडमनी पलंग खसकन पुढे ओढला आणि खालून कुणीतरी कळवळलं, "आई गं! बोट… बोट!"

बारा मुली किंचाळल्या. मॅडमनी वाकून पाहिलं. एक तरुण होता. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, केसांत जळमट, हातात वही.

"कोण तुम्ही? आणि इथे काय करताय?"

"पलंगाचा नंबर उतरवतोय. कॉलेज तपासायला मानांकन समिती येणार आहे ना… तिच्यासाठी फाइली तयार करायचं काम माझ्याकडे आहे. कालच रुजू झालो."

मॅडमचं बोलणं टोचरं, म्हणून मुलींनी त्यांचं नाव टाचणी ठेवलेलं. पण हात मऊ होता. त्यांनी त्याचं बोट धुतलं, मुलींना दाखवत पट्टी बांधली.

"कळलं का गं?"

मुलींच्या आधी तोच म्हणाला, "मागच्यांना दिसलं नसेल, मॅडम… पुन्हा एकदा बांधून दाखवा."

मुली खुदखुदल्या. संध्याकाळपर्यंत त्याचं बारसं झालं — फाइलसर!

आठवड्याभरात त्याने सगळ्या शिक्षकांकडून मानांकनाबद्दल मत लिहून घेतलं. टाचणीने लिहिलं, 'पाहुणे येणार म्हणून घर झाडायचं, गेले की पुन्हा पसारा. तेवढा वेळ वॉर्डात द्या.'

तो कागद घेऊन तो तिच्या टेबलाशी आला.

"बाकी सगळ्यांनी 'अत्यंत उपयुक्त' लिहिलंय. खरं एकट्या तुम्ही लिहिलंत."

"मग फाडा."

"छे! जपून ठेवणार आहे."

"फाइलीत?"

"फाइलीत… नाही," तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

मग तो वॉर्डात येऊ लागला. एका कोपऱ्यात उभा राहून पाहायचा. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांना सुई टोचण्याआधी टाचणीने विद्यार्थिनीला थांबवलं. "आधी त्यांचा हात हातात घे. नाव विचार."

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" त्याने हळूच विचारलं.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी, मनापासून.

समिती यायला चार दिवस उरले आणि प्राचार्यबाईंनी तिच्यापुढे तक्ता सरकवला. प्रत्येक मुलीचे प्रसूती वॉर्डातले तास पूर्ण! प्रत्यक्षात निम्मेही भरले नव्हते.

"सही करा. सगळीकडे असंच चालतं."

"मी नाही करणार."

बाईंनी फाइलसरांना बोलावलं. टाचणी दाराबाहेर थांबली. हा करेल सही… कागद रंगवायलाच तर आलाय! मग आतून त्याचा आवाज आला, हळू पण ठाम.

"खोटे तास मी लावणार नाही, बाई. कमी आहेत तर कमी लिहू. उद्या या मुली कुणाचं तरी बाळंतपण करतील, तेव्हा फाइल धावून येणार नाही."

भिंतीला टेकून तिने डोळे मिटून घेतले.

समितीने खरे आकडे वाचले. मान्यता एकाच वर्षाची दिली, पण मुलींसाठी आणखी एक प्रसूती वॉर्ड मिळवण्याची अट घातली. महिन्याभरात तो मिळालाही. फाइलसरांच्या नेमणुकीची मुदत मात्र बाईंनी वाढवली नाही.

शेवटच्या दुपारी तो खांद्याला बॅग अडकवून जिन्यापाशी उभा होता.

"नवं कॉलेज लांब आहे?" तिने विचारलं.

"दोन तासांवर. तिथेही हेच काम."

"तिथल्या शिक्षकांना सांगा… एक मॅडम आधी मानांकनाविरुद्ध फार बोलायच्या, पण चुकल्या होत्या. निम्म्या."

"आणि निम्म्या बरोबर होत्या, तेही सांगेन."

ती पायरीवर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रविवारी घरी याल? आईला सांगितलंय… एक माणूस येईल म्हणून."

"काय सांगितलंत? कोण म्हणून?"

"ते… ते तू येऊन सांग ना!"

तो पाहतच राहिला.

"'तू' म्हणालीस मला?"

"म्हणाले." तिची मान खाली, पण आवाज ठाम. "आणि आता परत घेणार नाही."

त्याने बॅग जिन्यावर ठेवली आणि तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"नकोच घेऊस," तो म्हणाला. "आणि आई काय विचारतील, ते आत्ताच सांगून ठेव. घाबरलोय गं मी."